कुंचीसाठी काचेची पेटी: घरच्या घरी कशी बनवावी

बारशाची जुनी कुंची बऱ्याच घरांत ट्रंकेच्या तळाशी, मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली असते. रेशमी खण, काठाला जर, कपाळावर टिकल्यांची ओळ. नव्या बाळाच्या बारशाला ती काढायची, दोन फोटो घ्यायचे, पुन्हा घडी घालून ट्रंकेत. रेशीम आधी घडीवरच चिरतं, त्यामुळे अशी जपलेली कुंचीही हळूहळू फाटत जाते. फ्रेमवाल्याकडे नेली तर तो ती काच आणि पुठ्ठा यांच्यात चपटी दाबून देतो. मग बडोद्याच्या पावसाळ्यात काचेला आतून ओल धरते आणि टेकलेल्या कापडावर डाग उमटतात. कुंचीला खोली असलेली पेटी हवी आणि काच कापडापासून चांगली दूर हवी. करवत आणि गुण्या हाताळता येत असेल त्याला हे काम जमण्यासारखं आहे.

माप कुंचीचं, मग पेटीचं

बाजारात पेटी बघून तिच्यात कुंची कोंबू नका. कुंची पलंगावर पसरा, टोपीच्या भागात हलका कापूस भरून तिला बाळाच्या डोक्याचा आकार द्या आणि मग मोजा. समजा लांबी 38 सें.मी., रुंदी 28 सें.मी. आणि डोक्याचा फुगवटा 5 सें.मी. भरला. चारी बाजूंनी 4-4 सें.मी. मोकळं सोडलं की पेटीचं आतलं माप 46 × 36 सें.मी. होतं. पुढची सगळी मापं याच उदाहरणाची आहेत. तुमची कुंची लहान-मोठी असेल तसा फरक करा.

लाकूड सागवानच घ्या. चौकटीला 9 सें.मी. रुंद आणि 18 मि.मी. जाड फळी सात फूट पुरते. लातीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, नवं लाकूड मिळतंच, पण जुन्या शहरात पाडलेल्या घरांचं सागवान मिळालं तर मी तेच घेईन. ते इतकी वर्षं उन्हापावसात मुरलेलं असतं की आता वाकायचं नाव घेत नाही. फक्त खिळे शोधून काढा आणि फळीची टोकं नीट बघा. भोकांतून बारीक भुसा गळत असेल किंवा उधईची मातीची रेघ दिसली तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. फळी पावसाळ्यात विकत घेऊन लगेच कापू नका. ओल धरलेलं लाकूड हिवाळ्यात आकसतं आणि जुळवलेले कोपरे उघडतात. दिवाळी ते होळी हा काळ आपल्याकडे या कामाला उत्तम.

चौकट

चार तुकडे काढायचे: दोन 49.6 सें.मी. आणि दोन 39.6 सें.मी., दोन्ही टोकांना 45 अंशांचा तिरपा काप. मापं तिरप्या कापाच्या लांब टोकापासूनची आहेत. समोरासमोरचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून बघा. नखाला फरक लागत असेल तर लांब असलेला रंध्याने घासून बरोबर करा. चौकट चौकोनी बसणार की नाही हे इथेच ठरतं. कोन थोडा चुकला तर तो एकवेळ चालवून घेता येतो, पण जोडीची लांबी वेगळी असेल तर काहीच करता येत नाही.

तिरपा काप गोंद भसाभस पितो. म्हणून आधी पातळ हात द्या, पाचेक मिनिटं थांबा, मग दुसरा हात देऊन जोडा. चौकटीला शिकंजे नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून बाहेरून ताणून गुंडाळा. चारी कोपऱ्यांवर सारखा दाब येतो. लगेच कर्ण मोजा. बाहेरून दोन्ही कर्ण साधारण 63.5 सें.मी. भरायला हवेत. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण दोन्ही कर्ण सारखे हवेत. एक लांब असेल तर त्या दोन कोपऱ्यांना हलकेच दाबून सरळ करा. पूर्ण एक दिवस हात लावू नका.

आता समोरच्या कडेवर 25 मि.मी. रुंद आणि 8 मि.मी. जाड पट्टी चौफेर लावायची, गोंद आणि बारीक चुका मारून. फळीची जाडी 18 मि.मी. असल्याने पट्टी आतल्या बाजूला 7 मि.मी. पुढे राहते. काच याच ओठावर टेकते.

पॉलिश पेपर 120, मग 180, शेवटी 240. बाहेरून चपडा पॉलिशचे तीन-चार पातळ हात पुरतात. संखेड्याच्या फर्निचरसारखी झळाळी इथे नको. नजर कुंचीवर जायला हवी. आतून मात्र पॉलिश, वार्निश काही लावू नका.

काच

साधी 4 मि.मी. काच घ्या. माप 45.7 × 35.7 सें.मी., म्हणजे एकूण 3 मि.मी. मोकळीक. ओलाव्याने लाकूड हललं तरी काचेवर ताण येत नाही. काचवाल्याला कडा घासून द्यायला सांगा. टफन काच हवीच असेल तर माप आधी पक्कं करा, कारण ती एकदा तयार झाली की कापता येत नाही. अॅक्रिलिक हलकं असतं, पण त्यावर ओरखडे उठतात आणि पुसलं की ते धूळ, धागे ओढून घेतं. कापडाच्या वस्तूसमोर मी ते लावणार नाही.

काच मागून आत सोडायची, ओठावर टेकवायची आणि तिच्या मागे चारी भिंतींना 76 मि.मी. रुंद, 6 मि.मी. जाड पट्ट्या बसवायच्या. या पट्ट्या काच जागेवर धरतात आणि मागचा बोर्ड तिच्यापासून दूरही ठेवतात. त्यांना गोंद लावायचा नाही. मागच्या कडेजवळ प्रत्येकी दोन छोटे पितळी स्क्रू पुरे. उद्या काच फुटली तर पट्ट्या काढून नवी बसवता येते.

आतलं काम

सुंदर पेट्यांचा सत्यानाश बहुतेक वेळा इथे होतो. कुंचीच्या जरीत चांदी असली तर ती गंधकाने काळी पडते, आणि गंधक येतो लोकरीच्या फेल्टमधून, रबरातून. म्हणून लाल-हिरवं फेल्ट किंवा फोमची शीट आत नको. लाकूड आणि ताजा फेविकॉल यांतून आम्लाची वाफ सुटत असते. पट्ट्यांना स्क्रू मारण्याआधी त्यांवर स्वयंपाकघरातली अल्युमिनियमची फॉईल गुंडाळा आणि वर सुती कापड घ्या. गोंद, पॉलिश झाल्यावर पेटी दोन-तीन आठवडे उघडीच राहू द्या. नाक आत घालून बघा. वास येतोय तोवर कुंची ठेवायची नाही.

मागचा बोर्ड 6 मि.मी. प्लायचा, आतल्या मापापेक्षा 5 मि.मी. लहान. त्यालाही आधी फॉईल, मग पॉलिएस्टरच्या गादीचा पातळ थर, वर मांजरपाट. मांजरपाट आधी दोनदा गरम पाण्यातून काढून खळ घालवा. खळीवर कसर येते. कापड मागे वळवून स्टेपल करा.

कुंची धुऊ नका, जर जुनी असेल तर मुळीच नाही. मऊ ब्रशने धूळ झटका. शिवणींच्या आत, अस्तराच्या कोपऱ्यात कसर लपलेली नाही ना ते उजेडात बघून घ्या. मग टोपीत मांजरपाटात गुंडाळलेला पॉलिएस्टरचा गोळा भरा. आकार यावा इतकाच; शिवण ताणली जाता कामा नये. आता कुंची बोर्डावर ठेवून बारीक सुईने अस्तरातून सैल टाके घाला. टाका धाग्यांच्या मधून जायला हवा, जरीतून नाही. वरच्या भागाला टाके जवळजवळ घाला, कारण सगळं वजन तिथे येतं. खाली दर तीन-चार सें.मी.वर एक पुरे. टाचणी गंजते, सेलोटेप पिवळी पडून चिकटा सोडते आणि गोंद पुन्हा निघत नाही, तेव्हा ही तिन्ही लांबच ठेवा. आणि डांबराच्या गोळ्या बंद पेटीत ठेवायच्या नसतात.

बोर्ड मागून बसवा आणि चौकटीच्या मागच्या कडेवर स्क्रूने चार लाकडी फिरकी पट्ट्या लावा. त्या फिरवल्या की बोर्ड बाहेर येतो, पान्ह्याची गरज नाही. पुढच्या बारशाला कुंची काढायची म्हटलं तर टाके उसवून काढता येते.

टांगायचं कुठे

पेटी भरून पाचेक किलो होते. वजन प्लायवर देऊ नका. पितळी कड्या सागवानाच्या चौकटीत बसवा आणि भिंतीत दोन स्क्रू गिट्टी ठोकून घ्या. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून कॉर्कचे छोटे तुकडे लावले की भिंत आणि पेटी यांमध्ये हवा खेळते. पावसाची झड लागणारी पश्चिमेची किंवा दक्षिणेची बाहेरची भिंत नको, न्हाणीघराला लागून असलेली तर नकोच. तळमजल्यावर राहत असाल तर उंच टांगा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी किती घरांत शिरलं ते बडोदेकरांना वेगळं सांगायला नको.

ऊन थेट पडता कामा नये. साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो आणि रेशमाचा रंग उडतो. संग्रहालयांत कापडाच्या वस्तूंसाठी 50 लक्सच्या आसपासचा मंद उजेड ठेवतात, तो एवढ्यासाठीच. पेटीच्या आत दिवा लावायचा मोह टाळा, एलईडीचासुद्धा. बंद जागेत तो गरम होतोच.

काच पुसताना फवारा काचेवर मारू नका, ओघळ पट्टीच्या फटीतून आत जातो. फडकं ओलं करा, पिळा आणि मग पुसा. वर्षातून एकदा, पावसाळा सरला की फिरक्या उघडून बोर्ड बाहेर काढा आणि अस्तराच्या शिवणी बघा.