'ए-बी'च्या पानावर अडकलेल्यांसाठी

इंग्रजी शब्दसंग्रहाची तयारी सुरू करणारे बहुतेक जण 'ए'पासून सुरुवात करतात आणि 'ए-बी'पाशीच अडकतात. मीही अडकलो होतो. रोज वीस शब्द, वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. चौथ्या दिवशी ॲब्डिकेट, ॲब्जुअर आणि ॲब्रोगेट एकाच पानावर आले. तिन्हींचा अर्थ कुठेतरी 'सोडणं, टाकणं, रद्द करणं' यांच्या आसपास घुटमळणारा. सराव परीक्षेत ॲब्रोगेटसमोर मी बेधडक 'राजपद सोडणे'वर खूण केली. राजपद सोडणं म्हणजे ॲब्डिकेट. ॲब्रोगेट म्हणजे कायदा किंवा करार रद्द करणं.

चूक पाठांतराची वाटली, म्हणून आणखी घोकलं. गोंधळ आणखी वाढला. दोष यादीच्या मांडणीतच आहे हे फार उशिरा कळलं. वर्णानुक्रमाने लावलेल्या यादीत एकमेकांसारखे दिसणारे शब्द शेजारी येतात, आणि जे सारखं दिसतं तेच नेमकं एकमेकांत मिसळतं. वर या तिघांमधली सामाईक अक्षरं अगदीच किरकोळ आहेत. 'ए-बी' हा लॅटिन उपसर्ग, अर्थ 'दूर'. शब्दाचा जीव पुढच्या अक्षरांत असतो, आणि आपण घोकतो मात्र तोंडावरची दोन.

मग मी शब्द पोटातून कापायला लागलो.

ॲब्डिकेटमधलं 'डी-आय-सी' घ्या. लॅटिनमध्ये हे बोलण्याचं, जाहीर करण्याचं कुळ. डिक्टेट म्हणजे सांगून लिहवून घेणं, प्रेडिक्ट म्हणजे आधी सांगणं, कॉन्ट्रडिक्ट म्हणजे विरुद्ध बोलणं, व्हर्डिक्ट म्हणजे 'खरं बोललेलं', म्हणून निवाडा. ॲब्डिकेट म्हणजे 'हे आता माझं नाही' असं जाहीर करून दूर होणं. म्हणूनच राजा गुपचूप पळून गेला तर त्याला हा शब्द शोभत नाही.

ॲब्रोगेटमधलं 'आर-ओ-जी' हे विचारण्याचं कुळ, आणि माझं सगळ्यात लाडकं. प्राचीन रोममध्ये कायदा करायचा तर तो लोकांपुढे प्रश्न म्हणून मांडत: हा कायदा हवा का? तो उलटवणं म्हणजे ॲब्रोगेट. इंटरॉगेट म्हणजे खोदून खोदून विचारणं, उलटतपासणी. सरोगेट म्हणजे दुसऱ्याच्या जागी ज्याला विचारलं तो, बदली. प्रिरॉगेटिव्ह म्हणजे विशेषाधिकार. रोमच्या सभेत मत देण्यासाठी ज्या गटाला सर्वांत आधी विचारत, त्याच्या नावावरून आलेला. ॲरोगंट म्हणजे न विचारता स्वतःकडे हक्क ओढून घेणारा. उद्धट माणसाचं याहून नेमकं वर्णन मला तरी सुचत नाही.

राहिला ॲब्जुअर. 'जे-यू-आर' म्हणजे शपथ आणि कायदा. ज्युरी शपथ घेऊन बसते, पर्जरी म्हणजे शपथेवर खोटं बोलणं, ॲब्जुअर म्हणजे शपथपूर्वक एखादं मत सोडणं. ज्युरिस्डिक्शन हा शब्द माझ्या वहीत दोन पानांवर आहे, कारण त्यात 'ज्युरिस'ही आहे आणि 'डिक्ट'ही: कायदा कुठवर बोलू शकतो ती हद्द.

मराठी माणसाला इथे एक फुकटचा फायदा आहे, आणि तो कोणी सांगत नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये मांडलं. त्यामुळे काही कुळं आपल्याच घरची निघतात. आपल्या 'ज्ञ'चेच भाऊबंद इंग्रजीत 'के-एन' आणि 'जी-एन' अशी अक्षरं घेऊन फिरतात. नो म्हणजे जाणणं, त्यातला 'के' आज मुका असला तरी पूर्वी उच्चारला जायचा. इग्नोरंट म्हणजे अज्ञ. डायग्नोसिस म्हणजे रोग ओळखणं, ॲग्नॉस्टिक म्हणजे 'ईश्वर आहे की नाही हे जाणता येत नाही' असं म्हणणारा. तसंच मॉर्टल आणि मर्त्य, डेंटल आणि दंत. हे शब्द घोकायची गरजच नाही, फक्त ओळख पटवून घ्यायची.

पण अक्षरं थापाही मारतात. 'पी-ई-डी' म्हणजे पाय, आपला 'पाद': पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड. या जोरावर मी पीडियाट्रिक्सला पायाचं शास्त्र ठरवून मोकळा झालो होतो. ते बालरोगशास्त्र, तिथलं 'पेड' ग्रीक, अर्थ मूल. उलट पेडिग्री म्हणजे वंशावळ, तिचा पायाशी काय संबंध? तर आहे: जुन्या फ्रेंचमध्ये क्रौंच पक्ष्याच्या पायाला जो शब्द होता त्यावरून तो आला, कारण वंशावळीतल्या फाटे फुटणाऱ्या रेषा तशा दिसत.

सर्वांत धोकादायक 'आय-एन'. इनव्हिजिबल म्हणजे अदृश्य, म्हणून इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारा? अजिबात नाही, चटकन पेटणारा. तिथला 'इन' नकाराचा नाही. असा गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणूनच टँकरवर आता अनेक ठिकाणी फ्लेमेबल लिहिलेलं दिसतं. आयलंडमधला मुका 'एस' तर निव्वळ चुकून घुसलेला. बेट याच अर्थाच्या, पण वेगळ्या मुळाच्या आइल या शब्दाशी नातं समजून कोणीतरी तो चिकटवला आणि तो राहिला.

म्हणून नियम साधा: कुळ आधी स्वतः ताडायचं, पण वहीत उतरवण्याआधी व्युत्पत्ती देणाऱ्या कोशात बघायचं. माझी एका पानावर एक कुळ अशी वही आहे, मध्ये मूळ आणि भोवती शब्द, प्रत्येकापुढे स्वतः केलेलं एक वाक्य. पाच-सहा शब्दांहून जास्त एका दिवसात भरत नाही. शेवटची चार पानं तोतयांसाठी राखलेली आहेत, पीडियाट्रिक्स तिथे पहिल्या ओळीत बसलंय.

आणि प्रत्येक शब्दाला कुळ सापडेलच असं नाही. डॉग आणि बिग यांचं मूळ कोशकारांनाही खात्रीने सापडलेलं नाही. सुदैवाने ते आपल्याला आधीच येतात.