प्रबोधनयुगातल्या शिक्षणविचारावर लिहिताय? या चुका टाळा

अठराव्या शतकातलं युरोपीय प्रबोधन (एन्लाइटनमेंट), सार्वत्रिक शिक्षण आणि समता. स्पर्धेला हा विषय दिला की पहिलं वाक्य न वाचताच सांगता येतं: ‘प्रबोधनाच्या विचारवंतांनी सर्वांसाठी शिक्षण मागितलं.’ कोणी मागितलं? आणि हे ‘सर्व’ म्हणजे कोण?

सगळ्यांना एकाच माळेत ओवणं

ही चूक माझ्या डोक्यात जाते. एका वक्तृत्व स्पर्धेत एका मुलाने रूसो आणि व्हॉल्टेअर यांना गरिबांच्या शाळेचे जनक ठरवून टाकलं. आवाज खणखणीत, टाळ्याही पडल्या. मी एवढंच विचारलं, ‘रूसोचा एमील कोणाच्या घरचा?’ मुलगा गप्प. एमील हा रूसोच्या ‘एमील’ या ग्रंथातला विद्यार्थी. श्रीमंत घरातला, त्या एकट्यासाठी एक गुरू. गरिबाला शिक्षणाची गरज नाही, त्याची परिस्थितीच त्याला शिकवते, असं रूसो त्याच 1762च्या ग्रंथात सांगून मोकळा होतो. मुलींचं शिक्षण तर पुरुषाला रुचेल असं. व्हॉल्टेअरची गोष्ट याहून कडू. ला शालोते या न्यायाधिकाऱ्याने 1763मध्ये तक्रार केली की ज्यांनी रंधा आणि कानस चालवायची त्यांना लिहाय-वाचायला शिकवताहेत. व्हॉल्टेअरने त्याची पाठ थोपटली.

‘सर, नोट्समध्ये असंच होतं.’ या नोट्सचं काय करावं! मूळ पुस्तकाची चार पानं वाचायला वेळ नाही, पण भाषण मात्र आठ मिनिटांचं. सहपरीक्षकांनी त्याला दुसरं बक्षीस दिलं, मी काय बोलणार.

माझी सवय सांगतो. विचारवंताचं नाव आलं की समासात पेन्सिलीने लिहायचं: याच्या शाळेत कोण बसणार, कोण बाहेर राहणार. अमेरिकी नेता जेफरसनचं 1779चं विधेयक घ्या. व्हर्जिनियातल्या मुलामुलींना तीन वर्षं मोफत शिक्षण, पण ‘स्वतंत्र’ मुलांना. गुलामांची पोरं बाहेर. इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट 1792मध्ये श्रीमंत-गरीब, मुलगे-मुली एकाच वर्गात बसवते, ती मात्र नवव्या वर्षापर्यंत. पुढे घरकामाला किंवा कारागिरीला जाणाऱ्यांची शाळा वेगळी. फ्रेंच विचारवंत कॉन्दोर्से या सगळ्यांच्या पुढे गेला: सर्व पायऱ्यांवर मोफत शिक्षण, स्त्रियांसह. समास भरला की ‘सर्वांसाठी’ हा शब्द लिहिताना हात आपोआप अडखळतो.

आराखड्याला कायदा समजणं

कॉन्दोर्सेने आपली योजना फ्रान्सच्या विधानसभेपुढे वाचायला घेतली तो दिवस 20 एप्रिल 1792. त्याच दिवशी ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं गेलं. योजना मंजूर झालीच नाही, 1794मध्ये तो कैदेत मेला. 1793मध्ये सक्तीच्या, मोफत शिक्षणाचा कायदा झाला, पण 1795च्या कायद्याने पुन्हा फी आणली. प्राथमिक शिक्षण मोफत व्हायला 1881 उजाडलं, सक्तीचं व्हायला 1882.

सक्ती म्हणजे समता, असं धरून चालणं

प्रशिया या जर्मन राज्यात 1763मध्ये शाळा सक्तीची केली ती राजाने. फ्रेडरिक दुसऱ्याला धास्ती होती की खेड्यातली पोरं जास्त शिकली तर कारकुनीसाठी शहरात पळतील.

शेवटी महाराष्ट्र चिकटवणं

निबंध संपताना फुल्यांचं नाव टाकायचं आणि ‘युरोपातून प्रेरणा’ म्हणून हात झटकायचे. जोतीरावांनी ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिणारा टॉमस पेन वाचला होता, हा दुवा खरा. पण 1882मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हटलं, तेव्हा त्यांचा मुद्दा इथल्या पैशाचा होता: महसूल राबणाऱ्या रयतेचा, खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. फ्रान्सचा कायदा त्याच वर्षीचा, म्हणून एकावरून दुसरं निघालं असं लिहू नका. मी गुण कापतो.