लर्निंगवर सापुताऱ्याला निघालात? या चुका टाळा

नाशिकचं आरटीओ ऑफिस पेठ रोडवर, आणि तोच रस्ता पुढे घाट उतरून गुजरातेत जातो. त्यामुळेच की काय, लर्निंग लायसन्सचा कागद हातात पडला की पहिल्याच रविवारी गाडी सीमेपार न्यायची घाई सुटते. मग ठरलेला प्रश्न येतो: आपलं लर्निंग गुजरातमध्ये चालतं का?

चालतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३: लर्निंग असो की पक्कं, लायसन्स भारतभर चालतं. म्हणजे सीमेजवळचं हातगड ओलांडून सापुताऱ्यात शिरलात म्हणून काही बदलत नाही. ज्याने अडचण होते ते घरून निघतानाच गाडीत बसलेलं असतं.

शेजारी कोणालाही बसवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि दर सुट्टीला दिसणारी. लर्निंग म्हणजे छोटं लायसन्स असा समज असतो. प्रत्यक्षात ती अटींवर मिळालेली सूट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ तीन गोष्टी मागतो: मुदतीतलं लर्निंग, गाडीला पुढे-मागे ‘एल’, आणि सोबत त्याच प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स असलेला शिकवणारा. तोही गाडी ताब्यात घेता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला. यातली एक अट मोडली की सूट गेली, आणि तुम्ही विनालायसन्स ठरलात. कलम १८१ खाली पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर कलम १८० खाली तेही गुन्हेगार.

नेहमीचं चित्र असं असतं. मुलगा चालवतोय, शेजारी मित्र गाणी लावतोय, आणि वीस वर्षं गाडी चालवलेले काका मागच्या सीटवर घोरतायत. नाक्यावर पोलिसाने काच खाली करायला लावली की काकांना हलवून उठवतात, “हे आहेत ना!” काका मागून काय थांबवणार? मित्राचं लायसन्स काढलं तर ते बिनगियरच्या दुचाकीचं. कधी काकांचंच लायसन्स संपलेलं निघतं. नूतनीकरण वर्षभरात करता येतं याचा अर्थ तोवर चालवता येतं असा नाही, पण हे सांगून पटत नाही.

दंड भरून सुटाल, विम्याचं तसं नाही. पॉलिसीतलं ‘ड्रायव्हर’ कलम वाचा: लर्निंगवाल्याला गाडी चालवायची मुभा आहे, पण नियम ३ पाळला तरच. घाटात कठड्याला घासलेल्या गाडीचा क्लेम इथेच अडतो.

आमची सवय सरळ आहे. निघण्याआधी सोबत्याचं लायसन्स हातात घेऊन प्रकार आणि तारीख पाहायची. मग त्याला शेजारी बसवून उभ्या गाडीत एकदा हँडब्रेक ओढायला लावायचा. बटणवाला ब्रेक असेल तर बटण कुठे आहे ते बोटाने दाखवायचं. जो “मला माहितीये” म्हणून टाळतो, त्याच्या भरवशावर घाटात जायचं नाही.

‘एल’ची चिकटपट्टी

पांढऱ्या १८ सेंमी चौकोनावर लाल ‘एल’: उंची किमान १० सेंमी, जाडी २, तळाशी रुंदी ९. पुढेही, मागेही. लाल पट्टीचे दोन तुकडे काळ्या काचेवर चिकटवणं म्हणजे ‘एल’ नव्हे.

उतारावर न्यूट्रल

पेट्रोल वाचवायचा हा शहाणपणा कोण शिकवतं देव जाणे. आजच्या इंजेक्शनच्या (इंधन संगणक मोजून सोडतो अशा) गाड्यांत गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिन इंधन घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये उलट नुसतं चालू राहायलाही (आयडलिंगला) ते घेत राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. पेठकडच्या सावळघाटात किंवा कोटंबी घाटात असंच उतरलात तर ब्रेकचे पॅड तापून पेडल दाबूनही गाडी थांबेना होते. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांचं तर विचारू नका: ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, पॉवर स्टेअरिंग दगड होतं. ज्या गियरमध्ये चढलात त्यातच उतरा, बहुतेक वेळा दुसरा.

जळका वास आला तर मोकळी जागा पाहून थांबा, वीस मिनिटं. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, वाकते. उतारावर गाडी पहिल्यात किंवा रिव्हर्समध्ये ठेवून चाकाला दगड लावा, आणि निघताना तो उचलून बाजूला टाका. घाटात रस्त्यावर पडलेले निम्मे दगड याच आळशांचे. आणि अरुंद जागी चढणाऱ्याला आधी जाऊ द्या.

फुटकळ, पण महागात पडणाऱ्या

बाइकच्या लर्निंगवर मागे मैत्रीण बसवणं: लायसन्स असलेला शिकवणारा सोडून मागे कोणी चालत नाही.

स्कूटीच्या लर्निंगवर कार. यावर काय बोलणार.

मुदत सहा महिने, आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. पाच महिने फिरून शेवटच्या आठवड्यात अपॉइंटमेंट शोधणाऱ्यांना नवं लर्निंग काढावं लागतं.

गॅलरीतला फोटो हा कागद नव्हे. आणि ॲपमधून कागद दाखवायचे म्हणाल, तर घाटात रेंज जाते. लर्निंग, आरसी, विमा आणि पीयूसीची प्रिंट डॅशबोर्डमध्ये ठेवा.

डिकीत बाटली नको. पलीकडे दारूबंदी आहे, आणि ते प्रकरण लायसन्सपेक्षा फार मोठं.

परतीला उशीर करू नका. दिवेलागणीआधी परतीच्या वाटेवरचं वणी गाठता येत नसेल, तर सापुताऱ्यातच स्टेअरिंग पक्क्या लायसन्सवाल्याच्या हाती द्या.