सिग्नल कशानं मरून राहिला ते आधी पाहा, मग डिजिटल मोड निवडा

नागपुरात हॅम म्हणजे हौशी रेडिओचं नवीन लायसन्स मिळालं की बहुतेक जण पहिलं हेच विचारतात, एफटी८ ला, म्हणजे कॉम्प्युटरवरून छोटे मेसेज पाठवायच्या डिजिटल मोडला, किती वॅट लावू? भाऊ, वॅटचा नंबर शेवटचा. याच शहरातून आकाशवाणीच्या नॅशनल चॅनलनं १५६६ किलोहर्ट्झवर १००० किलोवॅट हवेत सोडले, त्यामुळे रेडिओ म्हणजे पॉवर हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण गच्चीवरच्या वायर अँटेनावरून ५ वॅटवर युरोप मिळतो तो पॉवरमुळे नाही मिळत, तिथं गणित काम करून राहिलं असतं आणि ते गणित एकदा समजलं की कोणत्या वेळी कोणता मोड लावायचा हे आपोआप कळायला लागतं.

सिग्नल काही एकाच कारणानं बिघडत नाही. कधी तो नुसताच कमजोर असतो, कधी वरखाली होतो म्हणजे क्यूएसबी किंवा फेडिंग, कधी दोनतीन रस्त्यांनी येऊन स्वतःवरच आदळतो म्हणजे मल्टिपाथ, कधी विजेचा कडकडाट त्याला मधूनच खातो, आणि कधी शेजारच्या एलईडी ड्रायव्हरची घरघर त्याच्यावर बसते. या प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. म्हणून पहिलं काम वॉटरफॉल, म्हणजे स्क्रीनवर सरकत जाणारं सिग्नलचं चित्र, नीट पाहायचं. डब्ल्यूएसजेटी-एक्स हे एफटी८ चं सॉफ्टवेअर उघडा, १४.०७४ मेगाहर्ट्झ, यूएसबी म्हणजे अपर साइडबँड, आणि पाच मिनिटं काहीही ट्रान्समिट न करता नुसतं बघत बसा. वॉटरफॉलमध्ये आडवी बाजू म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि उभी म्हणजे वेळ, त्यामुळे वीज चमकली की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ येते. उभ्या, जाड, हलत्या पट्ट्या दिसल्या तर तो घरातला नॉइज. एखाद्या स्टेशनची पट्टी मध्येच फिकी होऊन पुन्हा उजळत असेल तर फेडिंग. आणि पट्टीची कड स्वच्छ न दिसता पसरट, केसाळ दिसली तर समजा की मल्टिपाथ किंवा डॉपलरचा, म्हणजे फ्रिक्वेन्सी सरकण्याचा, त्रास आहे. एवढं ओळखता आलं की अर्धं काम झालं, खरंच.

आता कमजोर सिग्नल. डिकोड विंडोत एक ओळ येते, समजा १३४५१५, उणे १९, ०.३, १२४७ आणि पुढे मेसेज. पहिला आकडा यूटीसी वेळ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे सव्वासात, दुसरा सिग्नल-टू-नॉइज डेसिबलमध्ये, तिसरा घड्याळातला फरक, चौथा ऑडिओ फ्रिक्वेन्सी. हा उणे १९ पाहून लोक दचकतात की नॉइजपेक्षा सिग्नल कमी म्हणजे तो वाचला कसा. तर हा आकडा २५०० हर्ट्झच्या पूर्ण नॉइजशी तुलना करून काढलेला असतो. एफटी८ चे टोन एकमेकांपासून फक्त ६.२५ हर्ट्झवर असतात, अख्खा सिग्नल ५० हर्ट्झमध्ये मावतो. २५०० ला ६.२५ नं भागा, ४०० आले, म्हणजे एका टोनच्या खिडकीत नॉइज ४०० पट कमी, डेसिबलमध्ये २६. उणे २० चा सिग्नल त्या छोट्या खिडकीत अधिक ६ असतो! म्हणून उणे २१ च्या आसपासपर्यंत एफटी८ व्यवस्थित वाचता येतं. पहिली युक्ती एवढीच, हळू बोला आणि अरुंद बोला. एक टोन १६० मिलिसेकंद टिकतो, पूर्ण मेसेज १२.६४ सेकंद, स्लॉट १५ सेकंदाचा.

दुसरी युक्ती म्हणजे एरर करेक्शन, आणि माझ्या मते खरी ताकद इथं आहे. मेसेज असतो ७७ बिटचा. त्याला १४ बिटचा सीआरसी, म्हणजे मेसेज बरोबर आला का ते तपासणारा आकडा, जोडतात, झाले ९१, आणि त्यावर एलडीपीसी नावाचा कोड ८३ बिट आणखी चढवतो, एकूण १७४. एका टोनमध्ये ३ बिट, म्हणजे ५८ टोन डेटाचे. शिवाय सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ७-७ टोनचा एक ठरलेला नमुना, कोस्टास अ‍ॅरे, ज्यावरून समोरचा सॉफ्टवेअर वेळ आणि फ्रिक्वेन्सी पकडतो. ५८ आणि २१, एकूण ७९ टोन. यात गंमत ही की मधले काही टोन पूर्ण गायब झाले तरी बाकीच्यांवरून मेसेज परत उभा करता येतो आणि शेवटी सीआरसी जुळला तरच तो स्क्रीनवर येतो, त्यामुळे अर्धवट कचरा सहसा छापला जात नाही. आपल्या एपीआरएसचं, म्हणजे स्टेशनची जागा कळवणाऱ्या पद्धतीचं, १२०० बॉड पॅकेट बघा, त्यात चूक आहे हे कळतं पण दुरुस्त करता येत नाही, एक बिट बिघडला की पूर्ण पॅकेट टाकून द्यावं लागतं.

तिसरी गोष्ट एपी डिकोडिंग, म्हणजे आधी माहीत असलेल्यावरून वाचणं. इतवारीच्या गर्दीत कोणी हळू आवाजात आपलं नाव घेतलं तरी कानाला लागतं, कारण काय ऐकायचं ते आधीच माहीत असतं, तसंच हे. तुमचा कोणाशी क्यूएसओ म्हणजे संपर्क चालू आहे हे सॉफ्टवेअरला ठाऊक असतं, म्हणजे पुढच्या मेसेजमध्ये तुमचा आणि त्याचा कॉलसाइन असणार हे धरून तो बाकीचे थोडेच बिट शोधतो आणि आणखी दोनतीन डेसिबल खालचं वाचतो. डिकोड मेनूत डीप ठेवा आणि एनेबल एपी वर टिक करा.

हे सगळं ज्यांनी बांधलं त्यांचं नाव घ्यायलाच पाहिजे. जो टेलर, ज्यांना पल्सारच्या कामासाठी १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, आणि स्टीव्ह फ्रँके, या दोघांनी २०१७ मध्ये एफटी८ आणला, नावातले एफ आणि टी त्यांचेच. चंद्रावरून परत येणारा सिग्नल वाचायचा म्हणून टेलर यांनी जेटी६५ हा मोड आधीच केला होता. एका नोबेल मिळालेल्या माणसानं आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी हे फुकट, सोर्स कोडसकट दिलं याचं मला फार वाटतं.

आता विजेचा भाग, कारण आपल्याकडे मे आणि जूनमध्ये संध्याकाळ झाली की ढग जमतात आणि ४० मीटर बँडवर नुसता कडकडाट. आधी सुरक्षेचं, वादळ जवळ यायच्या आधीच अँटेनाची केबल रेडिओपासून काढून बाहेर ठेवायची, गडगडाट ऐकू आल्यावर तिला हात लावायचा नाही, त्यात वाद नाही. पण वादळ शेकडो किलोमीटर लांब असलं तरी त्याचा क्यूआरएन म्हणजे कडकडाटाचा नॉइज इथे येतो, त्याचं काय. एका चमकीत फारतर दोनतीन टोन खराब होतात आणि ते एलडीपीसी भरून काढतो. खरा घात रिसीव्हरचा एजीसी, म्हणजे गेन आपोआप कमीजास्त करणारा भाग, करतो. चमक आली की एजीसी गेन खाली ओढतो आणि स्लो वर असेल तर तो वर यायला एक-दोन सेकंद घेतो, तेवढ्या वेळात सहा ते बारा टोन गेले. म्हणून एजीसी फास्ट करा किंवा बंद करता येत असेल तर बंद, आणि आरएफ गेन हातानं कमी करा. नॉइज रिडक्शन बंदच ठेवा, नॉइज ब्लँकरही शक्यतो बंद, तो कानाला बरा वाटतो पण टोनची मोडतोड करतो. फिल्टर पूर्ण उघडा, २०० ते ३००० हर्ट्झ. नुसत्या नॉइजवर डब्ल्यूएसजेटी-एक्सचा मीटर ३० च्या आसपास हिरवा राहील एवढाच ऑडिओ.

घरातला नॉइज उन्हाळ्यात वाढतो कारण प्रत्येक घरात कूलर, आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तर विचारूच नका. मनीषनगर असो की महाल, फ्लॅटमध्ये हा त्रास राहणारच. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे, रिग म्हणजे रेडिओ सेट बॅटरीवर चालवा, लॅपटॉपही त्याच्या बॅटरीवर, घराचा मेन बंद करा आणि वॉटरफॉल बघा. मग एकेक एमसीबी चालू करत जा, ज्यावर पट्ट्या आल्या त्या लाइनवरचं एकेक उपकरण काढत जा. मोबाइल चार्जर, एलईडी ट्यूब, वायफायचा अ‍ॅडॉप्टर, यातलाच कोणीतरी असतो. फेराइटचे क्लॅम्प लावून बरंच कमी होतं. मेन बंद करूनही नॉइज तसाच राहिला तर तो बाहेरचा, मग अँटेना हलवून किंवा फिरवून पाहायची. नॉइज ६ डेसिबल कमी झाला तर तुम्हाला जे मिळतं ते पॉवर चौपट करूनही मिळणार नाही, कारण पॉवरनं ऐकू येत नाही.

फेडिंग आणि फ्लटर, इथं एफटी८ ची मर्यादा येते. आपण नागपुरात चुंबकीय विषुववृत्तापासून फार लांब नाही, ते भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. सूर्य मावळल्यावर, खास करून मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्या भागातल्या आयनोस्फिअरमध्ये प्लाझ्माचे बुडबुडे तयार होतात आणि त्यातून आलेला सिग्नल थरथरतो. अशा वेळी पीएसके३१ लावून पाहा, पीटर मार्टिनेझ यांचा १९९८ चा फार सुंदर मोड, ३१.२५ बॉड, गप्पा मारायला एकदम मस्त, पण तो फेज वर चालतो आणि त्याच्या साध्या प्रकारात, बीपीएसके मध्ये, एरर करेक्शन अजिबात नाही, फेज डळमळली की स्क्रीनवर नुसती अक्षरांची भेळ. एफटी८ फेज वर अवलंबून नाही, म्हणून तो जास्त टिकतो, पण थरथर काही हर्ट्झच्या पुढे गेली की ६.२५ हर्ट्झवरचे टोन एकमेकांत मिसळतात आणि सिग्नल जोरात दिसत असूनही डिकोड होत नाही. हे लक्षात ठेवा, जोरात दिसतो पण वाचत नाही म्हणजे पॉवरचा प्रश्न नाहीच.

त्या वेळी ऑलिव्हिया हा मोड काढा. पावेल यालोखा यांनी केलेला, २००३ पासून चालतोय. ३२/१००० मध्ये ३२ टोन १००० हर्ट्झमध्ये, म्हणजे दोन टोनमध्ये ३१.२५ हर्ट्झचं अंतर, थरथर सहज पचते. शिवाय प्रत्येक ७ बिटचं अक्षर ६४ बिटमध्ये पसरवलेलं असतं, पाच अक्षरांचा एक ब्लॉक दोन सेकंद चालतो, त्यामुळे मधला अर्धा सेकंद गेला तरी अक्षर येतं. वेग कमी आहे, सेकंदाला जेमतेम अडीच अक्षरं, पण पूर्ण वाक्यं येतात. एफएलडिजी या सॉफ्टवेअरमध्ये आहे, समोरच्याशी टोन आणि बँडविड्थ आधी ठरवून घ्या नाहीतर दोघंही काहीच न दिसणाऱ्या स्क्रीनकडे बघत बसाल.

बाकीचे थोडक्यात. डब्ल्यूएसपीआर म्हणजे विस्पर, ५० बिट, ११०.६ सेकंद, फक्त ६ हर्ट्झ रुंद, उणे २८ च्याही खाली वाचतो, पण यात गप्पा नाहीत, नुसता बीकन, म्हणजे मी इथे आहे एवढीच खूण. अँटेना बदलली की २०० मिलिवॅटवर एक दिवसभर हा चालवा आणि कोणत्या तासाला कोणती दिशा उघडते ते नकाशावर पाहा. एमएसके१४४ उल्कांसाठी, ७२ मिलिसेकंदांची फ्रेम सारखी फिरत राहते, उल्केची रेघ क्षणभर टिकली तरी एक फ्रेम निघून जाते, १३-१४ डिसेंबरच्या जेमिनिड्सला ६ मीटरवर करून पाहण्यासारखं. चंद्रावरून किंवा स्कॅटरमधून यायचं असेल तर क्यू६५.

सेटिंगमध्ये लोक जिथं अडकतात ते दोन ठिकाण. एक, घड्याळ. सगळ्यांच्या ओळीत तिसरा आकडा १.२ असा एकाच बाजूला दिसला तर चूक जगाची नाही, तुमच्या लॅपटॉपची, लगेच सिंक करा. रामटेकला किंवा रेंज नसलेल्या जागी जाणार असाल तर छोटा यूएसबी जीपीएस सोबत ठेवा. दोन, ऑडिओ. एएलसीचा, म्हणजे ऑडिओ जास्त झाल्याचा, मीटर हलायलाच नको, पॉवर स्लायडर खाली आणत जा तोवर. स्प्लिट मध्ये फेक इट निवडा म्हणजे टोन १५०० ते २००० हर्ट्झमध्ये राहतो आणि त्याचे हार्मोनिक्स फिल्टरच्या बाहेर जातात. समोरच्याच्या फ्रिक्वेन्सीवर बसू नका, मोकळी जागा शोधा आणि होल्ड टीएक्स फ्रिक्वेन्सी वर टिक करा. आणि हो, एफटी८ मध्ये पंधरा सेकंदांपैकी जवळपास तेरा सेकंद सिग्नल सलग पूर्ण ताकदीनं जातो, ४५ डिग्रीच्या दुपारी १०० वॅटचा रिग ३० च्या वर नेऊ नका आणि मागे पंखा लावा.

शेवटचं, आणि हे मला मनापासून सांगायचंय. एफटी८ मध्ये मनातलं लिहायला फक्त १३ अक्षरं मिळतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घरात शिरलं, अशा वेळी कॉलसाइन आणि ग्रिड म्हणजे नकाशावरच्या चौकोनाचा कोड पाठवून कोणाचं भलं होणार नाही, तिथं किती लोक अडकले, कुठे, काय पाहिजे हे सांगता यायला पाहिजे. त्यासाठी जेएस८कॉल शिकून ठेवा, त्याचा पाया एफटी८ चाच आहे पण त्यावर वाक्यं टाइप करता येतात आणि मधल्या स्टेशनकडून मेसेज पुढेही जातो. शहरातल्या शहरात ४० मीटरवर, अँटेना मुद्दाम खाली, आडवी, जमिनीपासून तीनचार मीटरवर बांधून, म्हणजे सिग्नल सरळ वर जाऊन जवळपासच खाली येईल. आठवड्यातून एक संध्याकाळ दोनचार जणांनी ठरवून बॅटरीवर हा सराव करा, एमएल९१ या आपल्या नागपूरच्या ग्रिडमधलेच, आणि प्रत्येक वेळी एक पूर्ण पत्ता आणि एक आकडा न चुकता पोचवायचा, पोचला की नाही ते फोनवर तपासायचं.