चाकं बदलताना टायर प्रेशरचे सेन्सर कसे सांभाळावेत

नागपुरात बर्फावर चालवायचे टायर कुणालाच लागत नाहीत. पण पावसाळ्यात काटोल-नरखेडकडच्या संत्राबागेत गाडी न्यायची तर खोल नक्षीचे टायर हवेत, आणि दिवाळीनंतर समृद्धी महामार्गावर १२०च्या वेगाने शिर्डी गाठायची तर नेहमीचे. दोन्ही संच रिमसकट तयार ठेवले की अदलाबदल अर्ध्या तासाची. अडतं ते डॅशबोर्डवरच्या, टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देणाऱ्या पिवळ्या दिव्यापाशी.

आधी आपल्या गाडीत कुठली पद्धत आहे ते पुस्तिकेत बघा. काही गाड्यांमध्ये चाकात सेन्सर नसतोच. एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) चाकाच्या फिरण्यावरून हवा कमी झाल्याचा अंदाज बांधतं. तिथे चारही चाकांत हवा नीट भरायची, मेन्यूतून किंवा बटणाने रिसेट करायचं, की झालं. स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा आकडा वेगळा दिसत असेल, तर बहुधा रिमच्या आत व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर आहे. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

१. दुसऱ्या संचाला स्वतःचे चार सेन्सर घ्या. आपल्याकडच्या गाड्यांना साधारणपणे ४३३ मेगाहर्ट्झचे लागतात. अमेरिकेतून आलेला ३१५चा स्वस्तात मिळाला तरी गाडीला तो ऐकूच येणार नाही. प्रोग्राम करता येणारे सेन्सर घेतले, तर जुन्यांचेच ओळख क्रमांक त्यांच्यात उतरवून घेता येतात. मग दर मोसमाला गाडीला नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. मात्र असे जुळे संच एकाच गाडीतून नेऊ नका. थांबलेला सेन्सर झोपलेला असतो, डिकीत हलला की जागा होऊन तोही आकडे पाठवू लागतो आणि गाडीचा गोंधळ होतो.

२. टायर रिमवरून उतरवायचा असेल, तर काम सुरू होण्याआधीच टायरवाल्याला सांगा, ‘दादा, व्हॉल्व्हमागे सेन्सर आहे.’ सेन्सर सर्वाधिक तुटतात ते इथेच. बीड, म्हणजे टायरची रिमला घट्ट बसणारी कड, दाबणारं पातं व्हॉल्व्हपासून दूर लावायला हवं. टायर उचकटताना आणि चढवताना बीडचा ताण किंवा पान्याचं टोक सेन्सरवर येता कामा नये. प्लास्टिकच्या त्या डबीची किंमत पंक्चरच्या मजुरीच्या कितीतरी पट असते, म्हणून समोर उभं राहा.

३. धातूच्या व्हॉल्व्हचा सेन्सर असेल तर टायर बदलताना रबरी वायसर, नट, आतली पिन आणि टोपी नवी घाला. नागपूरच्या उन्हाने कडक झालेलं रबर पुन्हा बसवलं, तर हवा हळूहळू झिरपते. नट टॉर्क पान्यानेच (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने) आवळा. बऱ्याच सेन्सरना ४ ते ८ न्यूटन-मीटर पुरतो, नेमका आकडा त्यांच्या पाकिटावर असतो. अंदाजाने जोर लावला तर ॲल्युमिनियमची नळी तडकते. पिन निकेलचा मुलामा दिलेलीच हवी. साधी पितळी पिन ॲल्युमिनियममध्ये गंजून अडकते आणि काढताना नळीच तुटते. टोपी प्लास्टिकची बरी. शेवटी साबणाच्या पाण्याने बुडबुडे तपासा.

४. हवा भरायची ती सकाळी, गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. तापमान साडेपाच अंशांनी बदललं की दाब सुमारे १ पीएसआयने बदलतो, आणि नागपुरात हा हिशेब फार मोठा होतो. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे २८च्या आत येतो. त्यात महिन्याला साधारण १ पीएसआय आपोआप कमी होतो. हिवाळ्यात सकाळी पेटणारा दिवा बहुतेकदा यामुळेच असतो. सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो. उलट, धावून तापलेल्या टायरमध्ये ४-५ पीएसआय जास्त दिसले म्हणून हवा काढू नका. थंड झाल्यावर तो टायर कमी हवेचा होतो, कमी हवेच्या टायरची बाजू जास्त लवते, तापते आणि भर वेगात फुटते.

५. मग गाडीला सेन्सर ओळखू द्या. अनेक गाड्या १०-२० मिनिटं चालवल्यावर आपोआप ओळखतात. काहींना हातातल्या यंत्राने प्रत्येक चाकापाशी सेन्सर जागवावा लागतो, आणि चाकांचा क्रम पुस्तिकेत दिलेला तोच ठेवावा लागतो. पुढची चाकं मागे नेली असतील तरीही हे करा, नाहीतर हवा मागच्या चाकात कमी आणि इशारा पुढच्याचा, असं होतं.

दिव्याची भाषाही ओळखा. पेटून स्थिर राहिला तर हवा कमी. बहुतेक गाड्यांत गाडी सुरू करताच मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर सेन्सरशी संपर्क तुटलाय. बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं टिकते, ती डबीत सीलबंद असल्याने सहसा पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. पंक्चर भरायचं द्रव ओतलं असेल, तर सेन्सरचं छिद्र बुजून आकडा अडकतो. टायर उतरवून पुसून घ्या. आणि स्टेपनी लावल्यावर दिवा आला तर घाबरू नका, बऱ्याच स्टेपन्यांत सेन्सर नसतोच. तिची हवा तेवढी महिन्याला गेज लावून स्वतः बघावी लागते.