नॉर्वेत मित्र होत नाहीयेत? मग आधी या चुका टाळा

ऑस्लो, स्टावांगर, ट्रॉनहाइम, कुठेही नवीन आलेल्या आपल्या लोकांची तक्रार सेमच असते. ऑफिसात सगळे हसून बोलतात, अडलं तर मदत करतात, पण चार वाजले की जो तो जॅकेट चढवून गायब, आणि तोच कलीग शनिवारी ट्राममध्ये समोर आला तर खिडकीबाहेर बघत बसतो. मग आपण ठरवून टाकतो की हे लोक माणूसघाणे आहेत नाहीतर रेसिस्ट आहेत. आता रेसिझम नाहीच असं काही मी म्हणणार नाही, नोकरीचा अर्ज करताना परदेशी नावाचा तोटा होतो हे इथल्याच संशोधकांनी दाखवलंय. पण ट्राममधल्या त्या माणसाचं म्हणाल तर तो दुसऱ्या नॉर्वेजियन कलीगलाही असाच टाळतो. बाहेर कुणाच्या वाटेला न जाणं हीच इथली सभ्यता, त्यामुळे ते मनाला लावून घेऊ नका.

खरा घोळ वेगळाच आहे. आपल्याकडे आधी गप्पा होतात, मग चहा, मग घरी येणंजाणं. इथे नुसत्या गप्पांनी काही पुढे सरकत नाही, एखादं काम किंवा छंद एकत्र करायचा, त्याच लोकांबरोबर, दर आठवड्याला, आणि मग कधीतरी वर्षभराने माणूस हळूच उघडतो. बहुतेक चुका हे माहीत नसल्यामुळे होतात.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुग्नाडला न जाणं

तुम्ही बोरेट्सलागमध्ये, म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीसारख्या ठिकाणी राहत असाल तर बर्फ वितळल्यावर जिन्यात एक कागद लागतो, अमुक दिवशी संध्याकाळी दुग्नाड, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं श्रमदान. सगळ्यांनी खाली यायचं, हिवाळ्यात घसरू नये म्हणून टाकलेली बारीक खडी झाडून काढायची, पानं गोळा करायची, बाकांना रंग द्यायचा, आणि शेवटी कॉफी, वाफल किंवा पोल्से म्हणजे सॉसेज. पैसे कुणालाच मिळत नाहीत, डॉक्टर असो नाहीतर बसचालक, हातात खराटा सारखाच. आपले लोक काय करतात, एकतर "माझी मीटिंग आहे" म्हणून वरच बसतात नाहीतर खाली येऊन फोटो काढून दहा मिनिटांत सटकतात, आणि हे सगळ्यांच्या बरोबर लक्षात राहतं, कुणी तोंडावर बोलणार नाही एवढंच. याउलट दोन तास मन लावून झाडू मारलात तर ज्या शेजारणीने वर्षभर जिन्यात मान वर केली नाही ती स्वतःहून विचारते की तुम्ही कुठल्या मजल्यावर.

मुलं असतील तर हेच दुग्नाड दुप्पट. फुटबॉल क्लबच्या टपरीवर वाफल विकायचे, क्लबसाठी टॉयलेट पेपरचे गठ्ठे विकायचे (हो, खरंच), शाळेच्या बँडसाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो त्याची खोकी उचलायची. मुलांच्या टीमचे कोचसुद्धा बऱ्याचदा कुणाचेतरी आईबाबाच असतात. तुम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नसलं तरी चालतं, कॉफीचा थर्मास घेऊन मैदानाच्या कडेला उभं राहा. आणि वर्गातल्या वाढदिवसांना मुलांना नक्की पाठवा, बहुतेक ठिकाणी सगळ्या मुलींना किंवा सगळ्या मुलग्यांना बोलवायची पद्धत असते, गिफ्टची रक्कमही वर्गात ठरलेली असते, उगाच भारीतलं काही नेऊन बाकीच्यांना अवघडवू नका.

जेवायला बोलवताना

"या हो कधीही" इथे चालत नाही. न कळवता बेल वाजवलीत तर दार उघडेल, पण चेहऱ्यावर प्रश्न असेल की कुणी वारलं का. दोन-तीन आठवडे आधी तारीख, वेळ ठरवा आणि सहा म्हणजे सहा. दुसरं म्हणजे पहिल्याच वेळी पुरणपोळीपासून मटणापर्यंत अकरा पदार्थ करू नका ना. आपल्याला वाटतं पाहुणचार केला, त्या बिचाऱ्याला वाटतं आता याची परतफेड कशी करू, आणि तो पुढे टाळायलाच लागतो. इथे लोक एकमेकांच्या कॉफीचे पैसेसुद्धा लगेच व्हिप्स या पेमेंट ॲपवर पाठवतात, पाठवले तर अपमान समजू नका, गुपचूप घ्या. सुरुवात रविवारच्या कॉफी-वाफलने करा, जेवण नंतर.

तो "कधीतरी कॉफी घेऊया" म्हणाला तर तिथेच कॅलेंडर काढून "पुढच्या गुरुवारी?" विचारा, नाहीतर ती कॉफी कधीच होणार नाही. आणि त्याने घरी बोलावलं तर दारात बूट काढा (हे आपल्याला शिकवायला नको), पिणार असाल तर आपली बाटली आपण न्या. ती आधी घेऊन ठेवा, कारण वाइन फक्त सरकारी व्हीनमोनोपोलेटमध्ये मिळते, ती दुकानं शनिवारी दुपारीच बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, साधी बिअरसुद्धा शनिवारी सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी ६ नंतर विकत नाहीत. जेवून उठताना "ताक फॉर मातेन", म्हणजे जेवणाबद्दल थँक्स, आणि पुढच्या वेळी भेटल्यावर "ताक फॉर सिस्ट", म्हणजे मागच्या भेटीबद्दल थँक्स, एवढं विसरू नका, बाकी व्याकरण चुकलं तरी माफ.

ऑफिसचा लंचही असाच वाया जातो. ते लोक अकरा-साडेअकराला कागदात गुंडाळलेले ब्रेडचे तुकडे घेऊन एकत्र बसतात, अर्धा तास, आणि आपण एक वाजता मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम करून डेस्कवर यूट्यूब बघत खातो. भूक नसेल तर फळ घेऊन बसा, पण बसा. कामाचं बोलू नका, हवा, विजेचे भाव, कुणाच्या ह्युट्टेचं म्हणजे डोंगरातल्या कॉटेजचं छप्पर, असलंच काहीतरी चाललेलं असतं. पगार किंवा पोझिशनची टिमकी तर अजिबात नको, इथे बॉसलाही पहिल्या नावाने हाक मारतात. गंमत म्हणजे प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न टॅक्स खात्याच्या साइटवर लॉगिन करून बघता येतं, पण तुम्ही बघितलं हे समोरच्यालाही कळतं, त्यामुळे तो मोह आवरा.

भाषेचं काय?

सगळ्यांना फाडफाड इंग्लिश येतं हाच सापळा आहे. समोरासमोर ठीक, पण लंचला सहा जण बसलेत आणि तुमच्यासाठी सगळे इंग्लिशवर आले की जोक आटतात, पाचेक मिनिटांत परत नॉर्वेजियन सुरू आणि तुम्ही ताटाकडे बघत. त्यामुळे पहिल्या वर्षापासून क्लास लावा. क्लासमध्ये "याय" म्हणजे मी असं शिकाल आणि ट्रॉनहाइमचा कलीग "ॲ" म्हणेल, प्रत्येक गावाची बोली वेगळी, घाबरू नका. लायब्ररीत स्प्रोककाफे म्हणजे फुकटचे गप्पांचे कट्टे असतात, रेड क्रॉसही भाषेच्या सरावाला माणसं देतं. कुणी पटकन इंग्लिशवर गेलं तर सरळ सांगा की मला नॉर्वेजियनच बोलायचंय, त्यांना आवडतं.

थंडी आहे म्हणून घरात बसणं ही पुढची चूक. रविवारी दुकानं बहुतेक बंद, लोक जंगलात. ऑस्लोत असाल तर ५ नंबरच्या मेट्रोने सोंग्सव्हान तळ्यावर किंवा १ नंबरने फ्रोग्नरसेटेरेनला जा, गंमत बघा, ट्राममध्ये मान वळवणारा तोच माणूस पायवाटेवर "हाय" म्हणतो. डीएनटी ही १८६८ सालची ट्रेकिंगची संस्था, तिची ५०० हून जास्त कॉटेजेस आहेत, बऱ्याच ठिकाणी कर्मचारीच नाहीत, मेंबरची किल्ली घेऊन आत जायचं, चूल पेटवायची, पाणी आणायचं आणि निघताना सगळं साफ करून ठेवायचं. तिथे एका टेबलवर अनोळखी लोक रात्रभर बोलतात, शहरात हे स्वप्नातही होणार नाही. नवीन स्की घेऊ नका, फिन साइटवर जुने मिळतात, आणि पडा बिनधास्त, मोठेपणी शिकणाऱ्याला कुणी हसत नाही.

आपलं मराठी मंडळ, गणपती, दिवाळी फराळ हे सगळं हवंच, नोव्हेंबर-डिसेंबरच्या अंधारात तर फारच हवं. फक्त सगळे वीकेंड त्यातच गेले तर बाकीच्यांना वेळ उरत नाही, एवढं बघा.

हे सगळं करूनही जमत नसेल तर बहुतेक वेळ चुकलेली असते. जुलैत अख्खा देश सुट्टीवर असतो, ईस्टरला सगळे डोंगरात, डिसेंबरमध्ये घरच्या पार्ट्या. क्वायर म्हणजे समूहगानाचा ग्रुप, बॅडमिंटन, विणकामाचा ग्रुप, भाषेचे क्लास, सगळं ऑगस्टच्या शेवटी नव्याने सुरू होतं आणि थोडंफार जानेवारीत, तेव्हाच नाव घाला आणि किमान एक सीझन दांडी न मारता जा. जूनमध्ये विचारलंत तर उत्तर मिळेल, सुट्टीनंतर बघू.