यू-डायस पहिल्यांदाच भरणाऱ्यांसाठी: आधी रजिस्टर, मग पोर्टल

मी गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या शिक्षण विभागाच्या कार्यालयात, डेटा एंट्रीच्या कामावर लागले त्या पहिल्याच हिवाळ्यात एक मुख्याध्यापक हजेरीपत्रक घेऊन समोर येऊन बसले. जिल्हा परिषदेची छोटी शाळा, पट ३१. यू-डायसच्या पोर्टलवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांची माहिती जिथे भरावी लागते त्या सरकारी संकेतस्थळावर, दिसत होते ३०. "मॅडम, पोरगी रोज शाळेत येतेय, खिचडी खातेय, मग ती नाही कशी?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

मुलगी खरी होती, पण पोर्टलच्या लेखी ती अजून शेजारच्या तालुक्यातल्या जुन्या शाळेतच शिकत होती. त्या शाळेने तिला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या यादीत, टाकलं नव्हतं, म्हणून नव्या शाळेला तिला घेता येत नव्हतं. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,०००. खडू, झाडू, दुरुस्ती, वीजबिल सगळं त्यातच. एका मुलीच्या नोंदीवर पंधरा हजार रुपये अडले होते.

मी जुन्या शाळेला फोन लावला. तिथल्या सरांनीही काही लपवलं नाही. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हे शिक्षण हक्क कायद्याचं प्रमाण. त्यांच्या शाळेचा पट ६१ होता, ही मुलगी गेली की तिसरं पद धोक्यात. संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरणं, होईपर्यंत तिला राहू द्या, अशी त्यांची विनंती होती. त्यांची भीती खोटी नव्हती. पण मुलगी त्यांच्या वर्गात बसत नव्हती. शेवटी दोन्हीकडचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, बोलले, तेव्हा कुठे ती नोंद हलली. त्यात अठरा दिवस गेले.

या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगते. कारण पोर्टल कसं चालवायचं हे दोन दिवसांत येतं. एका ओळीला किती जणांचं काय काय बांधलेलं असतं, ते कळायला वेळ लागतो.

आधी असं नव्हतं. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या काळात, १९९४-९५ च्या सुमारास, डायस नावाने ही माहिती गोळा व्हायला लागली. २०१२-१३ पासून प्राथमिक आणि माध्यमिक एकत्र येऊन यू-डायस झालं, २०१८-१९ पासून ऑनलाइन यू-डायस प्लस. पण तोपर्यंत शाळा फक्त आकडे देत होती: तिसरीत मुली १२, मुलगे ९. २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद सुरू झाली. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधार, मोबाइल, प्रवर्ग, मातृभाषा, दारिद्र्यरेषेखाली आहे का, दिव्यांग आहे का, असं सगळं. प्रत्येकाला अकरा अंकी कायमचा क्रमांक, ज्याला आपण पेन नंबर म्हणतो. २०२३-२४ ला देशभरात १४.७२ लाख शाळा आणि २४.८ कोटी विद्यार्थी या यंत्रणेत होते. आधी चुकलं तर बेरीज चुकायची. आता चुकलं तर एखादं मूल चुकतं, आणि ती चूक बारावीपर्यंत त्याच्यासोबत जाते.

हा बदल योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा लाखो विद्यार्थी फक्त कागदावर असल्याचं समोर आलं होतं. नुसते आकडे मागितले की आकडे फुगतात. पण नावं मागितली की ती सांभाळण्याची जबाबदारीही येते. आमच्या प्रशिक्षणात पहिल्या भागावर चार तास बोललं जायचं, दुसऱ्यावर पाच मिनिटं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. लॉगिन करण्याआधी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेतल्या प्रवेशांची मूळ नोंदवही, उघडा. हे मी सांगते तेव्हा नवे शिक्षक मान हलवतात आणि मोबाइलमधला मागच्या वर्षीचा एक्सेल उघडतात. एक्सेल ही नकल आहे. मूळ नोंद रजिस्टरमध्ये. दोन्ही जुळत नसतील तर रजिस्टर आणि मुलाचा जन्मदाखला समोरासमोर ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ आधार जुळवण्यात जातो. रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधारवर शेवटी. ज्ञानेश्वरीचा 'ज्ञ' एका ठिकाणी इंग्रजीत 'डीएन' ने लिहिलेला, दुसरीकडे 'जीवाय' ने. कुठे वडिलांच्या नावाला 'राव' लावलेलं, कुठे नाही. जन्मतारखेचं दुखणं जुनं आहे. आपल्याकडे कित्येक आजोबांचा जन्म १ जूनचा, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच तारीख टाकली. आधार काढताना फक्त वर्ष सांगितलं तर १ जानेवारी पडते. त्यामुळे रजिस्टरला १ जून किंवा आधारला १ जानेवारी दिसली की तिथे थांबा आणि जन्मदाखला मागा.

इथे एक मोह होतो. पोर्टलवर आधार व्हॅलिड, म्हणजे जुळलेलं, दिसावं म्हणून आधारवर आहे तेच नाव, तीच तारीख सरळ भरून टाकायची. त्या दिवशी काम होतं. पण पुढे दहावीचा फॉर्म भरताना रजिस्टर एक सांगतं, पोर्टल दुसरं, आणि तालुक्याला खेपा त्या मुलाच्या वडिलांना घालाव्या लागतात. आधार चुकलं असेल तर पालकांना नेमकी चूक चिठ्ठीवर लिहून आधार केंद्रात पाठवा. पाच आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे अद्ययावत करावेच लागतात, तेव्हाच हेही उरकतं. रजिस्टर चुकलं असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्यातलं अक्षरही बदलू नका. व्हाइटनर तर लावूच नका.

आणि आधारच नसेल तर? तरीही मूल शाळेत येणार आणि पटावर लागणार. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही, आणि आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येत नाही. संचमान्यतेसाठी आधार व्हॅलिड असलेली मुलंच धरायला लागल्यापासून शाळांवर दबाव वाढला, हे मला माहीत आहे. पण तो दबाव मुलाच्या आईवर ढकलू नका. "आधार आण, मगच बस" असं वाक्य वर्गात उच्चारलं जाऊ नये.

दिव्यांगत्वाच्या रकान्याबद्दल थोडं सविस्तर. बहुतेक शाळा सगळ्यांसमोर 'नाही' भरून पुढे जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यातले कित्येक वरवर दिसतही नाहीत. 'नाही' भरलं की त्या मुलाची साहित्य साधनं, प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, सगळ्याची वाट बंद. उलट चूकही मी पाहिली आहे. अभ्यासात मागे असलेल्या एका मुलापुढे कुणीतरी अंदाजाने बौद्धिक अक्षमता भरली होती. त्याला नीट ऐकू येत नव्हतं, एवढंच. दोन वर्षं ती नोंद तशीच पुढे गेली. या रकान्यात अंदाज चालत नाही. तालुक्याला समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ असतात, त्यांना बोलवा, शिबिराची तारीख विचारा, प्रमाणपत्र नसलं तर ते काढायला घरच्यांना मदत करा.

भौतिक सुविधांचा भाग मात्र तासाभराचा आहे, जर तुम्ही खुर्चीवरून उठलात तर. फॉर्म स्वच्छतागृहं किती आहेत हे वेगळं विचारतो आणि वापरात किती हे वेगळं. दोन्हीकडे एकच आकडा टाकू नका. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार आतून लागतं का, नळाला आज पाणी आहे का, ते जाऊन पाहा. वापरात नसलेलं 'वापरात' दाखवलं तर दुरुस्तीचा निधी मागायला तोंडच उरत नाही.

आता सुरक्षेकडे वळते. यातली चूक माझी आहे.

तिसऱ्या वर्षी आधार इनव्हॅलिड असलेल्या विद्यार्थ्यांची यादी संध्याकाळपर्यंत वर पाठवायची होती. मी तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शीट टाकली आणि सगळ्या मुख्याध्यापकांना त्यातच माहिती भरून परत टाकायला सांगितली. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर लोक. त्यात बदलून गेलेले होते, निवृत्त झालेले होते, शीट भरायला ज्याची मदत घ्यायचे तो नेट कॅफेवालाही होता. रात्री नऊपर्यंत हजारभर मुलांची पूर्ण नावं, आधार क्रमांक, प्रवर्ग आणि पालकांचे मोबाइल नंबर त्या सगळ्यांच्या फोनमध्ये गेले. काम वेळेत झालं म्हणून माझं कौतुकही झालं.

काही महिन्यांनी एक आई कार्यालयात आली. तिला फोन आला होता. समोरच्याला तिच्या मुलाचं नाव माहीत होतं, इयत्ता माहीत होती, शाळा माहीत होती. शिष्यवृत्ती जमा झाली आहे, फक्त ओटीपी सांगा, असं तो म्हणाला. तिने सांगितला. खात्यातले मजुरीचे पैसे गेले. ती माहिती आमच्याच शीटमधून बाहेर पडली का, हे शोधायला काहीच मार्ग नव्हता. मला तेच आजवर सलतं. दोनशे फोनांमधून ती कुठे गेली, हे मी त्या बाईला सांगूच शकले नाही.

त्या दिवसापासून मी काही गोष्टी पाळते. ज्या शाळेची मुलं, त्या शाळेलाच ती यादी. आधार क्रमांक ओळखीपुरता हवा असेल तर शेवटचे चार अंक पुरतात, आणि बहुतेक वेळा तेवढेच लागतात. लॉगिनचा पासवर्ड कपाटाच्या दारावर चिकटवायचा नाही. नेट कॅफेत बसावंच लागलं तर उठताना लॉगआउट करायचं आणि डाउनलोड झालेल्या फाइली पुसून रिसायकल बिनही रिकामं करायचं. बदली झाली की चार्ज देताना नोंदणीकृत मोबाइल नंबर त्याच आठवड्यात बदलून घ्यायचा, नाहीतर तुमच्या शाळेचा ओटीपी दुसऱ्या तालुक्यातल्या फोनवर जात राहतो. आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे कुलपात, आणि काम संपल्यावर फाडून नष्ट. एका शाळेत त्याच झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर मुलांना चित्रं काढायला दिलेली मी पाहिली आहेत. कागद वाचवण्याचाच हेतू होता, पण प्रत्येक चित्रामागे कुणाचा तरी आधार क्रमांक होता.

आधार कायदा आधार क्रमांक असा सार्वजनिक करायला मनाई करतो. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व देतो. अपार आयडीचं, म्हणजे विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या शैक्षणिक ओळख क्रमांकाचं, संमतीपत्र म्हणूनच मुलाच्या दप्तरातून सही करून मागवू नका. पालकसभेत ते वाचून दाखवा. कुणी नको म्हणालं तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि ते नको म्हणाले तरी मुलाचं शाळेतलं काहीही अडत नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच परिपत्रकात मला दिसली नाही, म्हणून इथे लिहिते. प्रवर्गाचा रकाना भरायला वर्गात "अमुक जातीची मुलं उभी राहा" म्हणू नका. मी स्वतः चौथीत अशी उभी राहिले आहे. बाई मायाळू होत्या, त्यांना फक्त तक्ता पूर्ण करायचा होता. पण त्यानंतर माझ्या बाकावरची मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसायला लागली. ती माहिती दाखल्यावर असते, रजिस्टरमध्ये असते. दुपारी शाळा सुटल्यावर अर्धा तास बसून तिथून उतरवून घ्या.

शिक्षकांना हे काम जड जातं, त्यात त्यांची चूक नाही. दोनशिक्षकी शाळेत एक जण पोर्टलला बसला की चार वर्ग एकट्यावर येतात. प्रत्येक केंद्राला या कामासाठी एक माणूस हवा, हे मी प्रत्येक बैठकीत मांडते. तो मिळेपर्यंत एवढं करा: वर्षअखेरीला सगळं एकदम भरू नका, दाखला दिला त्याच दिवशी मुलाला ड्रॉपबॉक्सला टाका, नवं मूल आलं त्याच दिवशी त्याचा पेन नंबर मागा. वरून एखादी माहिती मागितली आणि ती तुमच्याकडे नसेल तर विचारा, खात्री करा. न पाहता 'निरंक' लिहून पाठवू नका.

ती ३१ वी मुलगी पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा निघाली, आईवडिलांसोबत ऊसतोडीला. या वेळी तिच्या मुख्याध्यापकांनी मला आधी फोन केला. स्थलांतर करणाऱ्या मुलांसोबत नव्या शाळेसाठी देतात ते शिक्षण हमी कार्ड भरून झालं होतं, त्यावर पेन नंबर कुठे लिहू, असं विचारत होते. आम्ही दोघांनी फोनवर अकरा अंक दोनदा वाचून ताडून पाहिले. मग त्यांनी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या आईच्या हातात दिलं आणि सांगितलं, हे नव्या शाळेतल्या गुरुजींनाच दाखवा, मुकादमाकडे देऊ नका. जानेवारीत कारखान्याजवळच्या शाळेने तिला मागून घेतलं. त्याला एकच दिवस लागला.